मालवणची सहल आणि वहिनीची वही

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही नऊ जण मालवणला जाऊन आलो. दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं, थोरला चौदाचा नि धाकटा सहाचा. मी, नवरा आणि आमची नऊ वर्षांची लेक. पेन्शनवर राहणारी आत्या. आणि मुंबईत एम.एस्सी. करणारी मावसबहीण. आल्यापासून नात्यातले लोक समुद्राबद्दल कमी आणि ‘खर्चाचं कसं केलंत?’ हेच जास्त विचारताहेत. म्हणून सहलीसोबत तेही सविस्तर लिहिते.

आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच पद्धत होती. दादा थोरला, म्हणून हॉटेलातलं बिल तो उचलणार. मग माझा नवरा पुढच्या ठिकाणी काउंटरवर धावत जाऊन पैसे देणार. कुणाचे किती गेले ते कुणालाच माहीत नाही. यात सगळ्यात अवघडून जायची आत्या. पर्स उघडायला गेली की सगळे मिळून तिचा हात धरायचे. गेल्या काही सहलींना ती ‘गुडघे दुखतात’ म्हणून आलीच नाही. गुडघे दुखतात हे खरं, पण खरं कारण ते नाही हे वहिनीने ओळखलं. वहिनी पतसंस्थेत नोकरी करते आणि माणसं पैशाबद्दल काय बोलत नाहीत हे तिला चांगलं कळतं.

निघायच्या आधीच्या रविवारी तिने सगळ्यांना घरी बोलावलं, मावसबहिणीला फोनवर घेतलं आणि दोनशे पानी वही उघडून बसली. एकाच मापाने सगळं मोजायचं नाही, हे तिने पहिल्यांदा सांगितलं. राहण्याचा खर्च खोलीप्रमाणे, प्रवासाचा सीटप्रमाणे, जेवणाचा वाट्याप्रमाणे. जेवणात मोठ्या माणसाचा एक वाटा, बारा वर्षांखालच्या मुलाचा अर्धा. चौदा वर्षांचा भाचा पूर्ण एक वाटा, कारण तो कुठल्याही मोठ्या माणसाइतकं जेवतो आणि वहिनीनेच ते आधी सांगून टाकलं. म्हणजे दादाकडचे साडेतीन, आमचे अडीच, आत्याचा एक, मावसबहिणीचा एक, असे एकूण आठ वाटे. गाडीत मात्र सहा वर्षांचं मूलही पूर्ण सीट अडवतं, तिथे अर्ध्याचा प्रश्न नाही.

मुक्काम ठरवतानाचा तिचा नियम मला सगळ्यात आवडला. ज्याचं बजेट सगळ्यात कमी, त्याच्या मापाने जागा निवडायची. ज्याला त्याहून चांगलं हवं असेल त्याने वरचा फरक स्वतः भरायचा. त्यामुळे तारकर्लीतलं साधं घरगुती निवास ठरलं. एसी हव्या असलेल्या आम्ही दोन कुटुंबांनी एसीच्या खोल्या घेतल्या आणि आत्या नि मावसबहिणीसाठी पंख्याची खोली. एरवी उलटं होतं. चांगलं कमावणारे हॉटेल ठरवतात आणि बाकीच्यांना मान डोलवावी लागते.

आत्याने तीन हजार रोख दिले, मावसबहिणीने अडीच हजार पाठवले, दोन्ही कुटुंबांनी दहा-दहा हजार टाकले. हे सामायिक पाकीट वहिनीकडे. पाकीट संपलं की पुढचं आम्ही दोन कुटुंबं भरत राहणार आणि वहीत लिहीत राहणार.

पहिला दिवस : पुणे, कोल्हापूर, फोंडा घाट

पहाटे पाचला दोन गाड्या निघाल्या. कोल्हापूरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे टोलनाके ओलांडत साडेनऊला मिसळीसमोर बसलो. कोल्हापूरची मिसळ म्हणजे कट वेगळा, पाव म्हणजे स्लाइस ब्रेड आणि ‘कट वाढू काय?’ हा प्रश्न तीनदा. लेकीने दह्याची वाटी संपवून मग मिसळीला हात लावला.

तिथून राधानगरी-दाजीपूरचा रस्ता धरला. भोगावती नदीवरचं राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, त्याचे स्वयंचलित दरवाजे अजून लोक मुद्दाम थांबून बघतात. दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखलेलं. आम्हाला गवा दिसला नाही, पण भाच्याने रस्त्यावरचं शेण दाखवून ते गव्याचंच असल्याचं पटवून देण्यात अर्धा तास घालवला. नोव्हेंबरची हवा इतकी छान होती की काचा खाली करून निघालो.

फोंडा घाट उतरताना दादाच्या गाडीचं मागचं चाक बसलं. स्टेपनी लावून खाली फोंड्याला आलो. पंक्चरवाल्याने टायर उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, ‘पंक्चर काढून देतो, पण टायर गुळगुळीत झालाय, यावर परत घाट चढू नका.’ नवा टायर घ्यावा लागला. दादाने कार्ड काढलं, नवऱ्याने त्याचा हात धरला, आणि जुनाच खेळ सुरू होणार तेवढ्यात वहिनी गाडीतून उतरली. पंक्चरचे पैसे पाकिटातून, कारण ते कुणाच्याही गाडीला झालं असतं. टायर दादाचा, कारण तो आधीच झिजला होता आणि पुढची कितीतरी वर्षं दादाच वापरणार आहे. दोन मिनिटांत विषय संपला. हे तिने स्वतःच्याच नवऱ्याच्या विरोधात ठरवलं, त्यामुळे पुढे तिच्या कुठल्याही आकड्यावर कुणी शंका घेतली नाही. खजिनदार निवडताना हे बघाच.

स्वतःच्या गाड्या नेणार असाल तर आणखी एक. इंधन नि टोल वाटून घेतले म्हणजे गाडीचा खर्च झाला असं नसतं. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग गाडीवाल्याच्या गळ्यात राहतं. वहिनीने किलोमीटरमागे दोन रुपये गाडीच्या मालकाच्या नावे जमा धरायचं सुचवलं होतं. दादाला ते बिलकूल रुचलं नव्हतं. ‘आत्याकडून गाडीचं भाडं घेऊ का मी?’ असं तो रविवारी चिडून म्हणाला होता आणि तो मुद्दा तसाच अधांतरी ठेवून आम्ही निघालो होतो. वेगाचा दंड किंवा चुकीच्या पार्किंगची पावती आली तर मात्र ती गाडी चालवणाऱ्याची, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

कणकवली, कसालमार्गे तारकर्लीला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. घराच्या मालकीणबाई, आम्ही सगळे त्यांना काकीच म्हणायला लागलो, ‘येवा, बसा’ म्हणत सामोऱ्या आल्या. आत्या माळकरी आहे हे फोनवर सांगितलं होतं. काकींनी तिच्यासाठी वेगळी भांडी काढून ठेवली होती आणि काळ्या वाटाण्याचं सांबार नि वडे केले होते. आत्या दोनदा म्हणाली, ‘अगं, कशाला एवढं.’ तिसऱ्यांदा मात्र वडा मागून घेतला.

दुसरा दिवस : कुडाळ, पिंगुळी, धामापूर, देवबाग

मावसबहीण परीक्षेमुळे एक दिवस उशिरा, कोकणकन्या एक्स्प्रेसने आली. मी आणि आत्या तिला आणायला कुडाळला गेलो. तिच्या उशिरा येण्याने एक पेच तयार झाला होता. पहिल्या रात्री त्या खोलीत आत्या एकटी होती. ज्या रात्री मावसबहीण मुक्कामालाच नव्हती त्या रात्रीचे पैसे तिने का द्यावेत? आणि आत्याने तरी दुप्पट का भरावेत? खोली अठराशेची, त्यातले आत्याचे नऊशे. वहिनीने उरलेले नऊशे दोन्ही कुटुंबांवर साडेचारशे-साडेचारशे टाकले, कारण दिवाळीच्या सुट्टीत तीन रात्रींशिवाय बुकिंग मिळत नव्हतं आणि तारखा आमच्या मुलांच्या शाळेप्रमाणे ठरल्या होत्या. तारीख ज्याच्या सोयीची, तिचा भुर्दंड त्याने सोसावा, हे मला अगदी योग्य वाटलं.

गाडीत मावसबहिणीने तिच्या मुंबईच्या फ्लॅटचं सांगितलं. तिघी राहतात, भाडं छत्तीस हजार. आधी सरळ तीन भाग करत होत्या आणि धुसफूस चालू होती, कारण एकीला स्वतंत्र बेडरूम आणि दोघी एका खोलीत. आता स्वतंत्र खोलीवाली सोळा हजार देते, बाकीच्या दोघी दहा-दहा. वाय-फाय आणि कामवाल्या मावशींचा पगार तिघींत समान, कुणी महिनाभर गावी गेलं तरी, कारण मावशी येतातच आणि त्यांचं घर त्या पगारावर चालतं. तांदूळ, तेल, मीठ सामायिक. दूध, अंडी, फळं ज्याची त्याची. एसीची वीज एसीवालीची. ‘भांडण पैशावरून नव्हतंच गं,’ ती म्हणाली, ‘दर वेळी मलाच विषय काढावा लागतो याचा कंटाळा आला होता.’

पिंगुळीला ठाकर समाजाच्या कलांचं संग्रहालय कुडाळहून अगदी जवळ आहे, ते चुकवू नका. चित्रकथीची पोथी उघडून एकेक चित्र दाखवत कथा सांगायची, कळसूत्री बाहुल्या नाचवायच्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करायचा, ही सगळी परंपरा तिथे जिवंत ठेवली आहे. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आत्या चित्रकथीसमोरून हलेना. तिच्या लहानपणी गावात असे खेळ यायचे म्हणे.

परतताना धामापूरच्या तलावाशी थांबलो. १५३० साली बांधलेला, चहूबाजूंनी डोंगर, काठावर भगवतीचं देऊळ. पायऱ्यांवर बसलं की आजूबाजूला कुणी मोठ्याने बोलतच नाही. तिथे पोहायला उतरू नका आणि खाऊची पाकिटं गाडीतच ठेवा.

दुपारचं जेवण मालवणात, बाजारातल्या एका छोट्या खानावळीत. तळलेली सुरमई, बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, भात आणि सोलकढी. पाटावर बसल्यासारखे सगळे मांडी ठोकून जेवलो. बिल दोन हजार नऊशे ऐंशी. त्यात आत्याची शाकाहारी थाळी एकशे ऐंशीची आणि बाकी अठ्ठावीसशे मासे खाणाऱ्यांचे. आत्या वगळून वाटे सात, म्हणजे वाट्याला चारशे. दादाकडे चौदाशे, आमच्याकडे हजार, मावसबहिणीकडे चारशे, आत्याकडे एकशे ऐंशी. आठ वाट्यांनी सरळ भागलं असतं तर वरण-भात जेवलेल्या आत्याकडून पावणेचारशे गेले असते. आणि ती ते निमूटपणे देती. ‘मी तर शाकाहारी जेवले’ हे वाक्य आत्याच्या तोंडून कधीच येणार नाही. कुणाच्याच आत्याच्या तोंडून येत नाही. म्हणून ते बोलायचं काम नियमाने करावं असं मला फार तळमळीने वाटतं. दादा आणि नवऱ्याच्या बिअरचं बिलही याच कारणाने पहिल्यापासून वेगळं मागायचं ठरलं होतं. वेटरला ऑर्डर देतानाच ‘ही वेगळ्या बिलावर’ सांगितलं की पुढे आकडेमोड करावी लागत नाही.

संध्याकाळी देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. संगमावर जाणारी होडी अठराशेला पूर्ण ठरवली. आत्या किनाऱ्यावरच थांबली, म्हणून आठ सीटा, सीटमागे सव्वादोनशे. निम्म्या वाटेवर पोचलो आणि आभाळ एकदम काळं झालं. नोव्हेंबरात इतका जोराचा पाऊस येईल असं कुणाच्याच मनात नव्हतं. होडीवाल्या दादांनी क्षणाचाही विचार न करता होडी वळवली, मुलांना ताडपत्रीखाली घेतलं आणि भर पावसात आम्हाला सुखरूप किनाऱ्याला लावलं. पैसे द्यायला गेलो तर निम्मेच घेतले. ‘अर्धाच दाखवलंय, पुरे कशे घेव?’ आम्ही आग्रह केला तरी ऐकेनात. वर, सकाळी लवकर किनाऱ्यावर या, रापण लागतली, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढतील, असं सांगून गेले.

तिथे एक अडचण आली. नेटवर्क नसल्याने फोनवरून पैसे जाईनात. पाकिटात रोकड होती म्हणून निभावलं. देवबाग-तारकर्लीकडे जाताना शंभर-दोनशेच्या नोटा मालवणातूनच काढून ठेवा. आणि पैसे कुणीही, कशानेही दिले तरी त्याच जागी वहीत लिहा. रात्री आठवून लिहू म्हटलं की चहा नि नारळपाणी हमखास राहून जातं.

रात्री जेवण झाल्यावर वहिनीने दिवसाचा हिशोब मोठ्याने वाचला. पाच मिनिटं लागली असतील. होडीचे निम्मेच पैसे गेल्याने सीटमागे एकशे साडेबारा झाले. फोनवरच्या अॅपमध्येही हे सगळं होतं, स्प्लिटवाइजमध्ये समान भागांऐवजी असे कमी-जास्त वाटे टाकता येतात, आणि मित्रमंडळींच्या सहलीत मी तेच वापरते. इथे वही घेतली ती आत्यासाठी. तिला चष्मा लावून स्वतः वाचता यायला हवं होतं. तिने खरंच शेवटपर्यंत वाचलं आणि दुपारच्या चहाचे दोन कप कमी लिहिलेत हे दाखवून दिलं.

तिसरा दिवस : रापण, सिंधुदुर्ग, हिशोब

पाऊस रात्रीच ओसरला होता. उजाडता उजाडता किनाऱ्यावर गेलो तर होडीने जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकून झालं होतं आणि दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ओढत होत्या. मालवण किनाऱ्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी, हिला रापण म्हणतात. एकट्यादुकट्याचं काम नाही, रापण ओढायला गावच लागतं. दादा, नवरा, भाचा, मावसबहीण, सगळे दोराला लागले. मी आणि वहिनीही. दोर ओला, जड आणि हाताला कापणारा. एका लयीत मागे सरकायचं, शेवटचा माणूस दोर सोडून परत पुढे पाण्याशी जाऊन धरतो. जाळ्याचा खोळ जवळ आला तसे पक्षी वर घिरट्या घालायला लागले आणि मग वाळूवर एकदम चांदी सांडली. बांगडे, तारल्या, मुडदुशे, मध्येच एखादा खेकडा.

त्यानंतर जे पाहिलं ते मला माशांपेक्षा मोलाचं वाटलं. घ्यायला आलेल्यांमध्ये लिलाव बोलला गेला, खाण्यापुरते मासे बाजूला निघाले आणि वाळूवर ढीग मांडायला सुरुवात झाली. एका वयस्क काकांनी समजावून सांगितलं. जे ओढतात त्यांचे वाटे असतात. होडीचा वेगळा वाटा, जाळ्याचा वेगळा वाटा. जाळं फाटतं, विणावं लागतं, होडीला डागडुजी लागते, तो खर्च करणाऱ्याला त्याचा वाटा मिळायलाच हवा, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. आणि दोराला हात लावलेल्या पाहुण्यालाही खाण्यापुरतं देतात. काकांनी चार बांगडे आमच्या पिशवीत टाकले. आम्ही नको म्हणायला लागलो तर म्हणाले, ‘दोरयेक हात लायलात मा? मगे ह्यो वाटो तुमचो.’

दादा बराच वेळ त्या ढिगांकडे बघत होता. परत येताना वहिनीला म्हणाला, ‘ते किलोमीटरचे दोन रुपये लिही. जाळ्याचा वाटा म्हणून लिही.’ आत्या मागून म्हणाली, ‘मी तर रविवारीच हो म्हणाले होते. फुकट बसायला मला आवडत नाही रे.’ दादा त्यावर काही बोलला नाही, पण त्या दिवशी आत्याने वाटेत शहाळ्याचे पैसे दिले तेव्हा पहिल्यांदाच त्याने तिचा हात धरला नाही.

काकींनी ते बांगडे हळद-मीठ लावून, तव्यावर नुसते भाजून दिले. त्याच्यासोबत घावणे आणि नारळाची चटणी. अशी न्याहारी पुन्हा कधी मिळेल माहीत नाही.

साडेदहाला मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्गाच्या होडीत बसलो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी या किल्ल्याच्या पायाभरणीचा मुहूर्त केला. तटाच्या पायात शिसं ओतलं. महादरवाजा असा वळवून बांधलेला की समोर पोचेपर्यंत तो दिसतच नाही. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात आत्याने डोकं टेकलं आणि उठायला वेळ लावला. शिवाजी महाराजांच्या हाताचा नि पायाचा ठसाही इथे आहे. ऊन चढायच्या आत जा, तटावर सावली नाही. टोपी आणि पाणी घ्या. पावसाळ्यात या होड्या बंद असतात.

दुपारी ज्यांना स्कूबा करायचं ते निघाले. हा खर्च ज्याचा त्याचा, आणि ‘मी येत नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, असं आधीच ठरलेलं. मावसबहीण ‘मला पाण्याची भीती वाटते’ म्हणून बाजूला झाली. सकाळी ती कमरेपर्यंत समुद्रात उभं राहून दोर ओढत होती, हे आत्याने पाहिलं होतं. आत्याने तिला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘ही माझी भेट. परीक्षा झाली म्हणून. वहीत लिहायची नाही.’ वहिनीने लगेच वही मिटली. भेट आणि हिशोब यांची सरमिसळ झाली की दोन्हीची गोडी जाते. मात्र भेट द्यायची तर आधी जाहीर करावी. बिल आल्यावर कुणी एकदम ‘हे माझ्याकडून’ म्हणालं की ज्याने काटकसरीने मागवलं त्याला चुटपुट लागते आणि ज्याने सढळ हाताने मागवलं त्याला संकोच. पोरगी पाण्यातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आत्याने फोनमध्ये स्वतः टिपला.

शेवटचा हिशोब त्याच रात्री केला, कारण मावसबहीण सकाळी निघणार होती. पहिला माणूस गटातून बाहेर पडायच्या आत हिशोब मिटवायचा, हे पक्कं लक्षात ठेवा. नंतर ‘तुझे किती, माझे किती’ फोनवर सुरू झालं की आठवडे जातात. परतीचं इंधन, टोल आणि वाटेतल्या चहाचा अंदाज धरून ती रक्कम आधीच खर्चात घातली.

एकूण सदुसष्ट हजार झाले. दादाच्या कुटुंबाचा वाटा ३१,४०० आणि त्यांनी भरलेले, गाडीचे किलोमीटर धरून, ३६,३००. आमचा वाटा २४,३०० आणि भरलेले २५,२००. आत्याचा वाटा ६,५००, भरलेले ३,०००. मावसबहिणीचा ४,८००, भरलेले २,५००. इथे बरेच जण प्रत्येक बिल वेगळं सोडवायला जातात आणि वीस-पंचवीस वेळा पैसे इकडून तिकडे करतात. ते लागत नाही. ज्याने जास्त भरलं त्याचं येणं काढायचं, कमी भरलं त्याचं देणं काढायचं. दादाचं येणं ४,९००, आमचं ९००, मिळून ५,८००. आत्याचं देणं ३,५००, बहिणीचं २,३००, मिळून तेही ५,८००. आत्याने दादाला ३,५०० द्यायचे, बहिणीने दादाला १,४०० आणि आम्हाला ९००. तीन व्यवहारांत सगळं चुकतं झालं. हिशोब करणारी घरं किंवा माणसं जितकी, त्याहून एकाने कमी इतकेच व्यवहार जास्तीत जास्त लागतात.

आत्याने पाकिटातून पाचशेच्या सात नोटा मोजून दादाच्या हातात ठेवल्या. मग दुपारीच आणलेलं मालवणी खाजं आल्याच्या वासासकट सगळ्यांत फिरवलं.

चौथा दिवस : सावंतवाडी, आंबोली, घर

मावसबहिणीला कुडाळला मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसवलं. मांडवीत खायला उत्तम मिळतं, त्यामुळे डबा देऊ नका, तिला हवं ते खाऊ द्या, असा आत्याचा सल्ला. तिथून सावंतवाडी. मोती तलावाला एक फेरी, राजवाड्यात गंजिफाचे गोल, हाताने रंगवलेले पत्ते, आणि मग चितार आळीत लाकडी खेळणी. खरेदी ज्याची त्याची. मुलांना निघतानाच प्रत्येकी तीनशे रुपये हातात दिले होते, त्यातलं जे उरलं असेल त्यात बसवायचं. धाकट्याकडे चाळीस उरले होते आणि त्याला लाकडी केळ्यांचा घड हवा होता. थोरल्या भावाने त्याला साठ दिले. वहिनी वही काढायला लागली तर थोरला म्हणाला, ‘भेट आहे, लिहू नकोस.’

आंबोलीचा धबधबा नोव्हेंबरात बारीक होतो, पण घाटात धुकं होतं आणि गरम चहासोबत कांदाभजी मिळाली. पुढे आजरा, गडहिंग्लज करत महामार्गाला लागलो. हा रस्ता फोंड्यापेक्षा लांब पडतो. लहान मुलांना वळणं लागत असतील तर आंबोली चढायच्या आधी जेवू नका, वर जाऊन जेवा.

पुण्याला पोचायला रात्रीचे अकरा वाजले. परतीसाठी धरलेल्या रकमेतले ४१६ रुपये उरले होते. आठ सीटांना बावन्न-बावन्न. वहिनीने दादाकडे २०८ ठेवले, आम्हाला १५६ पाठवले आणि आत्याला ५२. सकाळी आत्याचा फोन आला. बावन्न रुपये मिळाले हे सांगून झाल्यावर तिने विचारलं की मे महिन्यात सगळ्यांच्या सुट्ट्या कधीपासून आहेत, कारण तिला गणपतीपुळे बघायचं आहे आणि आगाऊ पैसे कधी द्यायचे ते तिला आत्ताच कळलं तर बरं पडेल.